शिशावरून गेलेली रेघ

अरविंद टिपणिसांना एखाद्याकडे नीट बघायचं असलं की ते डावा डोळा मिटत. वर्षानुवर्षं भिंग लावून फिल्म वाचल्याची ती सवय होती. भिंग हातात नसलं तरी डोळा मिटायचा. नव्या माणसाला वाटे, आपली चेष्टा चालली आहे. तसं नसे. चेष्टा ते दोन्ही डोळे उघडे ठेवून करत.

शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका यार्डात तेलाच्या कारखान्यांसाठी पाइप आणि टाक्या वेल्डिंग करून जोडल्या जात. जोड आतून पक्का आहे की नाही हे वरून कळत नाही. म्हणून माणसाच्या हाडाचा काढतात तसा जोडाचा एक्स-रे काढायचा, फिल्म डार्करूममध्ये हातानं धुवायची आणि उजेडाच्या पेटीवर ठेवून वाचायची. वाचण्याचं काम टिपणिसांचं. आमच्या तपासणी कंपनीच्या तिथे दोन पोर्टा केबिन होत्या. एकीत डार्करूमच्या टाक्या. दुसरीत टिपणीस, त्यांची पेटी आणि माझं टेबल. त्यांनी वाचलेल्या फिल्म स्कॅन करायच्या, रिपोर्टला नंबर द्यायचा आणि दोन्ही जपून ठेवायचं, हे माझं काम. त्याआधी मी मुंबईत एका दैनिकात उपसंपादक होतो. टिपणिसांनी पहिल्याच दिवशी ते विचारून घेतलं आणि पुढे कधीही मला नावानं हाक मारली नाही.

"काय बातमीदार, तिकडे नक्की काय करायचात?"

"दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या तपासायचो."

"म्हणजे चुका काढायच्या आणि स्वतः काही लिहायचं नाही. जमेल तुम्हाला इथे."

दुसऱ्या आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

त्यांचं जग दोन शब्दांत मावायचं, ॲक्सेप्ट आणि रिजेक्ट. हे शब्द रिपोर्टच्या शेवटच्या रकान्यातले. टिपणीस ते सगळीकडे वापरत. कँटीनचा सांबार रिजेक्ट. नव्या इंजिनियरचा टाय रिजेक्ट. स्टोअरच्या सुपरवायझरनं एकदा कौतुकानं मोबाइलवर नव्या नातवाचा फोटो दाखवला. टिपणिसांनी डावा डोळा मिटला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि फोन परत दिला. "ॲक्सेप्ट. विथ रिमार्क्स. कान बघा."

शारजातल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एका वर्षी त्यांना मुलांच्या चित्रकला स्पर्धेचं परीक्षक केलं. सेक्रेटरी कुलकर्णीबाईंनी स्टेजवरून सांगितलं, "आपल्यातलेच मोठे आर्टिस्ट आहेत." टिपणिसांनी प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीनं निकाल लिहिला. 'डोंगर पाठ केलेले.' 'जागा उरली म्हणून पक्षी.' 'सूर्य आईनं काढला आहे.' नंबर एकालाही दिला नाही. सूर्यवाली मुलगी सात वर्षांची होती. तिनं कागद उलटून आईकडून वाचून घेतलं आणि सरळ टिपणिसांपुढे जाऊन उभी राहिली.

"अंकल, हाऊ डिड यू नो?"

"रेषेवरून. तुझा हात दाबून काढतो. हा सूर्य घाबरत काढलाय."

आई हॉलबाहेर निघून गेली. कुलकर्णीबाई धावत आल्या. "अहो टिपणीस, लहान मुलं आहेत. उत्तेजनार्थ तरी काहीतरी द्या."

"का? दमली आहेत का ती?"

परीक्षक म्हणून त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. पण वाचन बरोबर होतं. सूर्य आपणच काढल्याचं आईनं नंतर कबूल केलं. कागदावरची रेघ कुणाच्या हातची, कशानं उमटली, याबाबत टिपणीस चुकल्याचं एकही उदाहरण माझ्याकडे नाही. पुढे जे लिहायचं आहे त्यासाठी ही नोंद आवश्यक आहे.

टिपणीस चित्रपट करत. कॅमेऱ्याशिवाय. तरुणपणी ते मुंबईत एका फिल्म लॅबमध्ये होते. लॅब बंद पडली, ते एक्स-रेचं काम शिकून आखातात आले. लोकांनी सेल्युलॉइड सोडलं, यांनी सोडलं नाही. मुदत संपलेली सोळा मिलीमीटरची रिळं ते कुठून कुठून मिळवत. यार्डापलीकडे समुद्राच्या बाजूला मिठाची ओलसर जमीन आहे. तिथे ते फिल्मचे तुकडे पुरत आणि महिन्यानं उकरून काढत. मीठ फिल्मवरचा थर खात जाई आणि मागे नद्या, झाडांच्या मुळ्या, कातडीच्या सुरकुत्या दिसत. ऑगस्टमध्ये पोर्टा केबिनच्या छतावर फिल्म उन्हात टाकत. थर वितळून गोळा होई. काही फिल्म कॉफी आणि धुण्याच्या सोड्यात डेव्हलप करत. उरलेल्यांवर सुईनं एकेक चौकट कोरत. एका सेकंदाला चोवीस चौकटी. सहा-सात मिनिटांच्या चित्रपटाला दोन-दोन वर्षं जात. जगात वेगवेगळ्या गावी असे चित्रपट करणारी आणि बघणारी थोडी माणसं आहेत. त्यांना टिपणीस ठाऊक होते. यार्डात आणि मंडळात ते विक्षिप्त म्हणून ठाऊक होते.

मंडळानं एकदा त्यांचा चित्रपट दाखवला. दिवे लागल्यावर दुबईच्या देरा भागात सोन्याच्या दुकानात मॅनेजर असलेले एक गृहस्थ उठले. "छान होतं. पण साहेब, स्टोरी काय होती?"

टिपणिसांनी दोन्ही डोळे उघडे ठेवले. "तुमच्या आयुष्यात काय स्टोरी आहे? तरी बायको बघतेच ना रोज?"

हॉल हसला. गृहस्थ हसले. त्यांच्या बायकोकडे कुणी पाहिलं नाही.

घरी बाथटबमध्ये फिल्म भिजत पडलेली असे. पत्नी शीलावहिनी आणि मुलगी इरा शेजारच्या मल्याळी कुटुंबाकडे अंघोळीला जात. इरा नऊ वर्षांची असताना स्केटिंग करताना पडली. मनगट मोडलं. दवाखान्यात डॉक्टर यायचे होते. एक्स-रे पडद्यावर दिसत होता. टिपणिसांनी मुलीची खुर्ची पडद्यासमोर ओढली.

"बघ इरा, किती स्वच्छ रेघ आहे."

"बाबा, इट हर्ट्स."

"दुखणारच. पण रेघ बघ."

मागे लागून त्यांनी त्या एक्स-रेची फिल्म काढून घेतली. अंधारात कोरी सोळा मिलीमीटरची फिल्म एक्स-रेवर पसरायची आणि क्षणभर टॉर्च लावायचा. एक्स-रेतलं चित्र तिच्यावर उतरतं. ही त्यांची लाडकी रीत. पुढच्या चित्रपटात इराचं मनगट चार सेकंद वाहत जातं. शीलावहिनींनी ते पाहिलं आणि शाळेचं वर्ष संपल्यावर मुलीला घेऊन पुण्याला गेल्या. यार्डात कुणीतरी विचारलं, घरी सगळं ठीक ना? टिपणीस म्हणाले, "उत्तम. टब मोकळा झाला."

यार्डात एकच माणूस त्यांच्या फिल्म बघायला आपणहून येई. दत्ताराम घाडी. मालवणजवळच्या एका वाडीतला, चाळिशीचा, कॅम्पमध्ये सहाजणांच्या खोलीत राहणारा वेल्डर. एक्स-रे काढताना प्रत्येक जोडाशेजारी शिशाची अक्षरं ठेवतात, जोडाचा नंबर आणि वेल्डरचा नंबर. शिशातून किरण जात नाहीत, त्यामुळे अक्षरं फिल्मवर पांढरी उमटतात. घाडीचा नंबर होता डब्ल्यू-सत्तावीस. टिपणीस फिल्म पेटीवर ठेवत, तळव्यानं नंबर झाकत आणि नुसता जोड बघून सांगत, "घाडी." तळवा उचलला की सत्तावीसच असे. "बाकीचे जोडतात," ते म्हणत, "हा लिहितो." कुणाबद्दल इतकं बरं बोललेलं मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

घाडी त्यांना सुया करून देई. वेल्डिंगच्या टॉर्चमध्ये टंगस्टनची बारीक काडी असते. ती तो ग्राइंडरवर केसासारखी टोकदार करी आणि चहाच्या सुट्टीत आणून देई. मग भिंगातून कोरलेल्या चौकटी बघत बसे. स्टोरी काय, असं त्यानं कधी विचारलं नाही.

"साहेबांनू, ह्यां आमच्यासारखांच. एकदा हात गेलो की गेलो."

"तुझा जात नाही."

"कधी थरथरलो तर?"

"तर थरथरलेला दिसेल. फिल्मवर लपत नाही, घाडी."

घाडीला हे फार आवडलं होतं. कॅम्पमध्ये तो ते इतरांना सांगायचा.

रविवारी यार्ड बंद असे. टिपणिसांकडे डार्करूमची किल्ली होती. कंपनीच्या टाक्यांत दुसरं काहीही धुवायचं नाही असा नियम होता, आणि टिपणीस दर रविवारी तिथे आपल्या पुरलेल्या, मीठ खाल्लेल्या फिल्म धूत. मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. ते तेव्हा त्यांच्या सगळ्यात मोठ्या चित्रपटावर काम करत होते. पंधरा मिनिटांचा. त्यात फक्त वेल्डिंगचे जोड होते, एक्स-रेवरून उतरवलेले, एकामागून एक, न थांबता.

एका सोमवारी सकाळी टाकीच्या पत्र्यांच्या तीन जोडांच्या फिल्म धुऊन आल्या. तिन्ही जोड घाडीचे. तिन्हींवर जोडाच्या डाव्या कडेनं एक बारीक, काळी, सरळ रेघ होती. अशी रेघ म्हणजे त्या कडेला धातूनं धातूला धरलेलं नाही. आत फट आहे. त्या टाक्यांत गॅस भरला जाणार होता. यार्डाचा नियम असा, की लागोपाठ तीन जोड रिजेक्ट झाले की वेल्डरचं कार्ड काढून घ्यायचं. कार्ड गेलं की काम गेलं, काम गेलं की व्हिसा गेला.

टिपणिसांनी तिन्हींपुढे रिजेक्ट लिहिलं.

घाडी हेल्मेट काखेत धरून केबिनच्या दारात आला. आत यायला सांगितल्याशिवाय तो येत नसे. टिपणिसांनी सांगितलं नाही.

"साहेब, तीनही?"

"तीनही."

"माझेच?"

"नंबर वाचता येतो ना?"

मग त्यांनी त्याला आत घेतलं आणि पेटीवर रेघ दाखवली. घाडीनं भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "माझ्या हाताक असां कधी झालां नाय," तो म्हणाला. टिपणिसांना नाही, फिल्मला म्हणाला.

दुपारपर्यंत दुरुस्तीसाठी जोड ग्राइंडरनं उघडले. फोरमन वर्गीस केबिनमध्ये आला. "साब, खोला. अंदर कुछ नहीं मिला."

"ग्राइंडिंग में निकल गया होगा."

"तीनों में?"

"तीनों में."

ग्राइंडरनं उडवलेला धातू परत बघता येत नाही. "ओके साब. खलास," म्हणून तो गेला.

वर्गीस आला तेव्हा मी त्या फिल्म स्कॅन करून संपवल्या होत्या. स्कॅन पडद्यावर मोठा दिसतो. रेघ जोडाच्या कडेनं जात होती आणि जोड संपल्यावरही थांबत नव्हती. ती शिशाच्या पांढऱ्या अक्षरांवरून, डब्ल्यू-सत्तावीसच्या सातावरून, फिल्मच्या काठापर्यंत गेली होती. तिन्ही फिल्मवर काठापासून तेवढ्याच अंतरावर. पोलादातली फट शिशावर उमटत नाही. रविवारी टिपणिसांनी आपल्या फिल्म ज्या हँगरना लावल्या होत्या ते धुतले नव्हते. हँगरच्या चिमट्यात राहिलेला डेव्हलपर, फिल्म धुण्याचं रसायन, सोमवारच्या अजून न धुतलेल्या फिल्मवर ओघळला आणि जिथून ओघळला तिथे काळी रेघ उठली. हे मला ओळखता आलं, कारण नव्या माणसांना टिपणीस पहिल्या दिवशी हेच शिकवत. आधी फिल्म तिरपी धरा. दोष लोखंडाचा की धुणाऱ्याचा ते ठरवा. मग पुढचं.

वर्गीस गेल्यावर मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"ही अक्षरांवरून जाते."

त्यांनी डावा डोळा मिटला. "दिसतंय."

"म्हणजे ही फिल्मवरची आहे."

"शाब्बास. छान शिकवलंय तुला कुणीतरी."

"एक ओळ लिहायची आहे, टिपणीस. फिल्मवर डाग, एक्स-रे पुन्हा काढावा."

"जोड उघडलेत आता. कशाचा एक्स-रे काढतोस?"

"मग नुसतं डाग होता असं लिहा. त्याचं कार्ड वाचेल."

"आणि मग विचारतील, डाग कसला? डार्करूम बघायला येतील. टाकीच्या तळाशी बोटभर वाळू आहे, मीठ आहे. किल्ली जाईल." त्यांनी पेटीचा दिवा बंद केला. "चित्रपटाची अकरा मिनिटं झाली आहेत, बातमीदार. चार राहिली आहेत."

"आणि घाडी?"

"घाडीला कुठेही काम मिळेल. त्याला हात आहे."

त्यांनी तीनही फिल्म फेरतपासणीसाठी मागून घेतल्या आणि डार्करूममध्ये गेले. जेवणाच्या सुट्टीनंतर परत आणल्या. अक्षरं स्वच्छ पांढरी होती. रेघ जोडाच्या कडेनं जात होती आणि जोड संपला तिथे थांबत होती. फिल्मवरचा काळा थर सुईनं खरवडला की खालचं पांढरं उघडं पडतं. सुई घाडीनं करून दिलेलीच होती. दुसरी त्यांच्याकडे नव्हती. फिल्म तिरपी धरली तर खरवडल्याची जागा दिसत होती. ती तिरपी धरून बघणारा त्या यार्डात एकच माणूस होता, आणि खरवडणाराही तोच.

"पुन्हा स्कॅन कर," ते म्हणाले. "आधीचा काढून टाक."

मी पुन्हा स्कॅन केला. आधीचा काढून टाकला. रिपोर्टला नंबर दिला आणि अपलोड केला.

घाडीचं जायचं आठवड्यानं ठरलं. आदल्या दिवशी तो केबिनमध्ये आला. बोलावलं नसताना आत आला, पहिल्यांदाच. टेबलावर कागदाची एक पुडी ठेवली. आत सहा सुया होत्या.

"साहेबांच्या कामात खंड नको," तो म्हणाला.

टिपणिसांनी एकेक सुई भिंगाखाली धरली. टोकं तपासली. सहाही.

"ॲक्सेप्ट," ते म्हणाले.

घाडी हसला. त्या आठवड्यात तो हसलेला मी तेवढ्याच वेळी पाहिला.

चित्रपट पुढच्या वर्षी पुरा झाला. नाव 'सलग'. दुबईत एका जुन्या गोदामाचं कलादालन केलं आहे, तिथे तो दाखवला. सत्तर-ऐंशी लोक होते, बहुतेक तरुण, निरनिराळ्या देशांचे. पाठीमागे प्रोजेक्टरची घरघर आणि समोर करड्या उजेडात वाहणारे जोड. कधी नदीसारखे, कधी पाठीच्या कण्यासारखे. मध्येच मिठानं खाल्लेली चौकट येई आणि सगळं पांढरं होऊन पुन्हा जुळे. चित्रपट चांगला होता. तो वाईट असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

बाराव्या मिनिटाच्या सुमारास डब्ल्यू-सत्तावीस आला. सोमवारी खरवडण्याआधी त्यांनी तिन्ही फिल्म आपल्या चित्रपटासाठी उतरवून घेतल्या होत्या. रेघ जोडाच्या कडेनं आली, जोड संपला तरी थांबली नाही, सातावरून गेली, काठाला लागली. मग पुन्हा. मग पुन्हा. गोदामाच्या भिंतीवर ती हातभर रुंद होती. कुणीतरी श्वास आत घेतल्याचा आवाज आला. टिपणिसांनी तो प्रसंग लांबवला होता. चित्रपटातला सगळ्यात चांगला भाग तोच होता.

नंतर प्रश्नोत्तरं झाली. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "दॅट नंबर, डब्ल्यू ट्वेंटी-सेव्हन. इज इट अ पर्सन?"

"नो," टिपणीस म्हणाले. "टेक्श्चर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरच्या दुकानांच्या मागे एक खोली घेतली. खिडकी बुजवलेली, चार टब, वाळत घातलेल्या फिल्मच्या दोऱ्या. मी तिथे एकदाच गेलो, घाडीच्या फोनसाठी.

घाडी आठवडाभर मला मेसेज करत होता. गावी त्यानं ग्रिल आणि गेट बनवायचं दुकान काढलं होतं. वेल्डिंग दोन कामगार करत, तो मापं घेई. टॉर्च हातात धरत नसे. आता एका एजंटनं बोलावलं होतं. अबू धाबीकडे रुवैसच्या रिफायनरीत मोठं काम निघालं होतं. मुंबईत गुरुवारी चाचणी होती, पास झाला की महिन्यात परत. जावं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं. त्याला टिपणीससाहेबांशी दोन मिनिटं बोलायचं होतं.

मी शनिवारी दुपारी गेलो. टिपणीस टबावर वाकले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. "आता किल्ली नाही, टाकी नाही, चित्रपट होऊन गेला," मी म्हणालो. "तुमचं काही जात नाही. खरं सांगून टाका त्याला."

त्यांनी हात पुसले. "लाव फोन."

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडे हातोड्याचे आवाज येत होते. मग ते थांबले. कुणाला तरी थांबायला सांगितलं असावं.

"साहेबांनू, नमस्कार. घाडी बोलतंय."

"बोल घाडी. कसा आहेस?"

"बरो आसंय. साहेब, नोकरीचं नाही विचारत. ती गेली ती गेली. माका एकच सांगा. माझो हात खंय चुकलो? तेव्हापासून टॉर्च धरलो की तीच रेघ दिसता. तुम्ही फिल्म वाचलेली. तुमच्याइतक्यां कोणाक कळणार नाय. हात बरो असलो तर गुरुवारी जातंय. नसलो तर नाय."

टिपणिसांनी डावा डोळा मिटला. समोर बघण्यासारखं काही नव्हतं. मग ते नव्या माणसांना शिकवत त्या आवाजात, सावकाश बोलले.

"डाव्या कडेला हात आखडतो तुझा. सुरुवात बरोबर करतोस, पुढे मनगट थांबतं. तू थांबलास हे तुला कळत नाही. तिथे धातू धरत नाही."

"त्याच दिवशी?"

"आधीपासून. मी पाहिलं होतं. बोललो नाही."

टिपणिसांनी फोन जवळ ओढला.

"वयाबरोबर वाढतं ते, घाडी."

"होय," घाडी म्हणाला. पुन्हा म्हणाला, "होय. मनगट दुखता कधी कधी. माका वाटलां, असांच." मग त्याचा आवाज मोकळा झाला. "बरां झालां सांगितलात साहेब. दुसऱ्या कोणी सांगितलां नसतां. मी बॅग भरून ठेवलेली. उगाच माझ्या हातानं थंय कोणाचो जीव गेलो असतो. उपकार झाले तुमचे."

"ठीक आहे," टिपणीस म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

फोन चालूच होता. "दादा? आसास?" घाडी विचारत होता.

"नंतर बोलतो," मी म्हणालो आणि बंद केला.

टिपणीस पुन्हा टबावर वाकले होते. मी विचारलं, हे का केलंत? त्यांनी पाण्यातून फिल्म वर उचलली, निथळू दिली आणि तिरपी धरून पाहिली.

"त्याला उत्तर हवं होतं. त्याला पटेल असं दिलं." मान न वळवता ते पुढे म्हणाले, "जाताना दार नीट लाव. उजेड आत येतो."

मी दार लावलं.